थंड होताना

जालन्याच्या जुन्या एमआयडीसीत
आपला पत्र्याचा स्टुडिओ,
आधी बियाणांचं गोदाम होतं.
सरकीला चोळायची ती गुलाबी पूड
अजून फरशीच्या फटींत आहे.
कितीदा पुसली.
ओलं फडकं फिरलं की पुन्हा उमलते.

नळ आठव्या दिवशी येतो.
पहिलं पाणी तुझ्या चिखलाला.
तो तळाशी बसला, वर निवळलं
की माझ्या ब्रशांना.
उरलेलं पायरीवरच्या सदाफुलीला,
म्हणून तिच्या बुडाशी
कधी हिरवट, कधी शेंदरी साय.

तुझे वडील टेलिफोन खात्यात, खांबावर चढणारे.
माझे दुकानांच्या पाट्या रंगवायचे.
लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांत एकच प्रश्न:
दोघंही हेच करणार,
मग पगार कोण आणणार?

कुंभारगल्लीतले नारबामामा
एकदा भट्टी बघायला आले.
डायलवरचा आकडा वाचून म्हणाले,
"बाराशे? अन् समदं लाइटबिल भरून?
काहून रं दिगंबर, कपच करायचा ना?"
जाता जाता तुझ्या मातीचा गोळा
अंगठ्यानं दाबला, नाकाशी नेला.
"काळी नको मिसळू. काळी फुगती, मंग रुसती."

तू मिसळलीसच.
दोन घमेली, माझ्या आजोळची, परतूरच्या शेतातली.
मला न सांगता.

लातूरच्या कॅफेची ऑर्डर, साठ कप.
तू म्हणालास, यावरचा निळा तू काढ.
वाटीत बघते तर निळा कुठंय?
तोच फरशीतला गुलाबी, जरा जांभळट.
माझा निळा ट्यूबमधून निळाच निघतो,
चुकलं तर तिथंच दिसतं, तिथंच खरवडता येतं.
तुझा म्हणतो, आधी लाव,
मग सांगतो मी कोण.
लाइट गेल्यावर आरशासमोर टिकली लावावी
तशा मी साठ कपांवर
अंदाजानं रेघा ओढल्या.

दीड दिवस भट्टी, दीड दिवस वाट.
तू दार उघडलंस, जरा लवकरच,
आणि पहिला कप माझ्या हातात दिलास,
कोमट, अंड्यासारखा.
निळा आला होता.
माझ्या कुठल्याच ट्यूबमध्ये नसलेला.
आपण दोघंही गप्प.
तेवढ्यात,
टिण्.

पत्रा तापला असेल, तू म्हणालास.
मग दुसऱ्या कपातून. मग फळीच्या त्या टोकाकडून.
झिलईत केसाएवढी रेघ
आपल्यासमोर चालत गेली.

कॅफेवाला भला माणूस,
म्हणाला, गिऱ्हाइकाला तडकलेला कप कसा देऊ, ताई.
आगाऊ रक्कम तू फोनवरूनच परत पाठवलीस.
भट्टीचा हप्ता दहा तारखेला.

मी म्हणाले, नारबामामांनी सांगितलं होतं.
तू म्हणालास, माती तुझ्याकडचीच होती.
त्यानंतर दोन दिवस
घरात बोलले ते कप.
भाजीची फोडणी थांबली की, टिण्.
तू अंगावर घेतलंस की, टिण्.

तिसऱ्या रात्री जाग होती.
भिंतीकडं तोंड करून मी मोजत होते.
कोण जाणे का, मोठ्यानं म्हणाले, चौदा.
अंधारातून तुझा आवाज आला,
पंधरा.
एक तू पेंगलीस तेव्हा झाला.

मग उठून बसून तू समजावत राहिलास:
माती आणि झिलई, तापताना कुरकुर नसते.
थंड होताना दोघं सारखी आकसत नाहीत,
एवढंच.
किती दिवस चालतं हे?
नेम नाही. कधी वर्षानंतरही एखादी रेघ.

सकाळी चहा त्यातच घेतला.
चार दिवसांत तड्यांत चहा मुरला,
तपकिरी जाळं उमटलं,
कुठं माझ्या निळ्याला अडवणारं,
कुठं त्याच्याच बाजूनं चाललेलं.
मी काढलं नसतं इतकं बारीक.
तुलाही जमलं नसतं.

आता फळीवर एकोणसाठ कप आहेत.
इतके पाहुणे आपल्याकडं येत नाहीत.
एक नारबामामांना नेऊन दिला.
त्यांनी उलटा केला, टिचकी मारली,
कान लावून बराच वेळ ऐकलं
आणि बायकोला हाक मारली,
"अगं, च्या टाक ह्याच्यापुरता."